चाक रिकामं की भरलेलं

मंगळवारी सकाळी सव्वानऊला तू गेलास. साडेनऊला तुझ्या मुलाचा, दिनेशचा फोन आला. दहाला मी धामणकर नाक्यावर काल्हेरच्या शेअर रिक्षात बसलो.

रिक्षा भरायला वेळ लागला, आणि भरल्यावर पुढे सरकायला जागा नव्हती. शेजारी एक ट्रक होता. त्याच्या मागच्या चाकाच्या एका नटावर पांढरा रंग सांडलेला होता. माझी नजर त्या नटावर गेली आणि आपली जुनी सवय सुरू झाली. एक फेरा, चार सेकंद. चाकाचा व्यास मीटरभर धरला तर परीघ तीन मीटर चौदा सेंटिमीटर. म्हणजे ट्रक सेकंदाला पाऊण मीटरपेक्षा थोडा जास्त जातोय, चालणाऱ्या माणसाच्या मागे पडेल इतका हळू. उत्तर मी मनात धरून ठेवलं. काल्हेरला पोचलो की तुला सांगायचं. ट्रक मागे पडल्यावर आठवलं की मी कशासाठी चाललो आहे.

वहिनी म्हणाल्या, चहा अर्धा पिऊन तू म्हणालास, जरा पडतो. कप तिथेच होता.

दशक्रियेला खाडीच्या घाटावर बरीच माणसं होती. महाराजांचं प्रवचन झालं, दोघातिघांनी भाषणं केली. दिनेशने माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो की बाळाराम कर्तव्यनिष्ठ होता, मनमिळाऊ होता, प्रयोगशाळा म्हणजे त्याचं देवघर होतं. चार मिनिटं बोललो. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण ते कुणाहीबद्दल म्हणता आलं असतं. जे फक्त तुला सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहितो आहे. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं, हे तुला माहीत आहे. ‘सर, तुमी बोलता तवा बी खोडून बोलता,’ असं तू एकदा म्हणाला होतास.

आपण एकाच जूनमध्ये कॉलेजात आलो. मी पदार्थविज्ञान शिकवायला, तू प्रयोगशाळेत परिचर म्हणून. वयाने तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी पहिल्या दिवसापासून मी तुला ‘तू’ म्हणालो आणि तू मला ‘तुमी’. हे उलट असायला हवं होतं, किंवा निदान सारखं. मला ते तीस वर्षांत जाणवलं नाही. आता ‘तुम्ही’ लिहून पाहिलं, तर ते दुसऱ्याच कुणाला लिहिल्यासारखं वाटलं. म्हणून ‘तू’च लिहितो.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. शिफ्ट सुरू असली की लोलकाचे झोके मोजणारी मुलं मागाच्या खटखटीला हमखास फसायची आणि आकडा चुकवायची. तू त्यांना कानात कापूस घालायला द्यायचास. बाकीच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत साहित्याच्या यादीत कापूस नसेल.

आणि तुझी सायकल. काल्हेरहून रोज येणारी, काळी, उंच, घोड्यासारखी. तुमच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, दिनेशने गाडी घेतली, तरी तू सायकलच दामटलीस. गावात लोक म्हणायचे, बाळारामच्या पोराने बापाला सायकलवर सोडलंय. दिनेश चिडायचा. तू त्याला सांगायचास की लोकांना म्हणावं, बापाने पोराला गाडीत कोंडलंय.

घरंगळणाऱ्या चाकाचा प्रयोग अभ्यासक्रमात नव्हता. तो आपल्या दोघांचा होता. अकरावीच्या मुलांना वर्तुळगती शिकवताना मी फळ्यावर सूत्रं लिहायचो. परिघाला आवर्तकाळाने भागा, वेग येईल. दोन π ला आवर्तकाळाने भागा, कोनीय वेग येईल. मुलं उतरवून घ्यायची आणि त्यांना काही कळायचं नाही. तेव्हा तू सायकल मैदानात आणलीस. मागच्या टायरवर व्हॉल्व्हपाशी खडूची रेघ मारलीस, रेघ जमिनीला टेकवून उभा राहिलास आणि चालू लागलास. मुलं फेरे मोजायची, एक जण घड्याळ धरायचा. दहा फेरे, अठरा सेकंद. सुरुवातीच्या कोणत्याही वर्षी, कोणत्याही तुकडीसमोर, अठराच. एक फेरा एक पूर्णांक आठ सेकंदांत. मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं. मग टेपने जमीन मोजायची. बावीस मीटर तीस सेंटिमीटर. चाकाचा व्यास एकाहत्तर सेंटिमीटर, त्यावरून काढलेला दहा फेऱ्यांचा आकडा तेवढाच. मुलांचे चेहरे उजळायचे. फळ्यावरचं सूत्र मैदानातून चालत गेलं होतं.

जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, हे मुलांना पटायचं नाही. सायकल धावतेय आणि तिचा एक बिंदू थांबलाय, हे कसं? तू सायकल व्हरांड्यात नेऊन त्यांना फरशीवर उमटलेली खडूची खूण दाखवायचास. रेघ स्वच्छ उमटलेली असायची, फरफटलेली नसायची. ‘सरकला असता तर खडू फासला असता का न्हाय?’ एवढंच विचारायचास. ही युक्ती तुझी. मी ती इतक्या वर्गांत, इतक्या शिबिरांत सांगितली की लोक तिला माझी समजू लागले. मी कधी दुरुस्त केलं नाही. पण मला जे सांगायचं आहे ते हे नव्हे.

पुस्तकातलं उदाहरण मी मोठ्याने वाचलं, की मागून काचपात्रं पुसता पुसता तू विचारायचास, ‘सर, चाक रिकामं का भरलेलं?’ मुलं हसायची. मीही हसायचो. पुस्तकातल्या चाकाला वजन नसतं, ते फक्त त्रिज्या असतं, असं मी सांगायचो. तू मान हलवायचास. ती मान ‘बरं’ म्हणणारी होती, ‘पटलं’ म्हणणारी नव्हती. तो फरक मला नंतर कळला.

तुझा गुडघा पहिल्यांदा धरला त्या वर्षाची गोष्ट. चालवेना, म्हणून तू म्हणालास, आज ढकलत नाही, बसून नेतो. मला काय, फेरे ते फेरे. तू सीटवर बसलास, रेघ जमिनीला लावलीस, हळूच पॅडल मारलंस. नाझिया अन्सारीच्या गटाचा नंबर होता. शांत, किरकोळ अंगाची मुलगी, कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीतली. तिने जमीन मोजली आणि जर्नलमध्ये लिहिलं, बावीस मीटर दहा.

मी म्हणालो, वीस सेंटिमीटर कुठे गेले? पुन्हा मोज. तिने पुन्हा मोजलं. मग हळूच म्हणाली, ‘सर, तीन बार नापा हमने.’

मला तिच्या टेपवर शंका नव्हती. मी तुझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो की तू वाकडी चालवलीस. नागमोडी गेलं की फेरे तेवढेच पडतात, पण सरळ अंतर कमी भरतं. तर्क बिनचूक होता. तू पाय टेकून उभा होतास. चिडला नव्हतास.

‘सर, मी वाकडी चालवत असतो तर त्या ट्रकांमधून रोज घरी पोचलो नसतो.’

मुलं हसली. मग तू जमिनीकडे बोट केलंस आणि म्हणालास, चाकोरी उमटलीय, बघून घ्या. मैदानात पातळ माती होती. चाकाची रेघ तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत असणार. मी पाहिली नाही. चार पावलं चालून मान खाली घालायची होती. मी म्हणालो, वेळ झाला. तेवढ्यात घंटा झाली आणि पुढच्या तासाची मुलं मैदानातून धावत गेली.

नाझियाच्या जर्नलमधल्या आकड्यावर मी लाल शाईने रेघ मारली. तिने खाली बावीस मीटर तीस लिहिलं. मोजलं नाही, लिहिलं. मी सही केली.

मुलं गेल्यावर तू सायकल भिंतीला लावलीस आणि म्हणालास, ‘पोरीने बघितलं ते लिवलं. तुमी न बघितलेलं लिवायला लावलं.’

मी काय उत्तर दिलं ते तुलाही आठवत असणार. तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणालो, ‘बाळाराम, तू ढकलायचं काम कर. मोजायचं मी बघतो.’

तू खडू खोक्यात ठेवलास. टेप गुंडाळलीस. मग दारात थांबून, जणू हवापाण्याचं बोलतोयस अशा आवाजात म्हणालास की माणूस बसला का चाक दबतं, दबलं का लहान होतं, लहान झालं का पल्ला कमी पडतो, आमच्या गावात लाकडी चाकाचा बैलगाडीवाला सोडून कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारा. आणि गेलास. मी जर्नलं तपासत बसलो.

त्यानंतर नऊ वर्षं आपण तो प्रयोग केला. नऊही वर्षं तू सायकल ढकललीस. गुडघ्याला पट्टा बांधून ढकललीस, शेवटी शेवटी हँडलवर भार टाकत ढकललीस. अठरा सेकंदांचे एकोणीस झाले, मग वीस. अंतर बावीस मीटर तीसच राहिलं. मी एकदा म्हणालो, बस रे सायकलवर, काय होतंय. तू म्हणालास, नको, ढकलतो. तेव्हा मला वाटलं, तुझा हट्ट. खरं तर तू माझा शब्द पाळत होतास.

आपण वागलो मात्र नेहमीसारखे. यालाच मी इतकी वर्षं सगळं ठीक असणं समजलो.

निवृत्तीनंतर तू दर रविवारी दहाच्या सुमाराला माझ्याकडे यायचास. तुझ्या पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर कोवळ्या काकड्या असायच्या, आणि दोन जिने चढल्याचा राग. माझ्या घरात मी आणि पुस्तकं. तू म्हणायचास, ‘सरांचा संसार म्हणजे कपाट न् किल्ली.’ आपण बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघायचो. कुठल्या चाकाचा कुठला नट मोजायचा ते तू ठरवायचास. मी गुणाकार करायचो. रिक्षाच्या चाकावर तुझा जीव होता. ट्रकच्या शेजारी त्याच चालीने जायचं, तर त्या लहानग्या चाकाला दुपटीहून जास्त फिरावं लागतं. ‘बिचारं किती पळतंय, न् कुणाला दिसत न्हाय,’ म्हणायचास. मी सांगायचो, कोनीय वेग जास्त, रेषीय वेग तेवढाच. तू म्हणायचास, तेच बोललो मी.

खूप बोलायचो आपण? नाही. पण कुणीतरी शेजारी बसून तोच नट मोजतंय, एवढं पुरायचं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी कुणाबरोबर सगळ्यात जास्त काय केलं असेल तर हेच.

काही महिन्यांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याकडे दापोड्याला गेलो होतो. परतताना गोदामांच्या रांगेसमोर रिक्षा अडकली. दोन ट्रक शेजारी शेजारी उभे होते, एकाच कंपनीचे, एकाच मापाच्या चाकांचे. एक रिकामा, दुसरा कापडाच्या गाठींनी भरलेला. मी खाली पाहिलं. भरलेल्याचे टायर तळाशी फुगले होते आणि त्यांच्या मधला आस रिकाम्या ट्रकपेक्षा खाली आला होता. दोन बोटं असेल. डोळ्यांना दिसत होतं. कुणालाही दिसलं असतं. मी तीस वर्षं या गावात अशा ट्रकांच्या मधून कॉलेजला गेलो होतो.

घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर गणित केलं. चाक जितकं दबतं तितकी सगळी त्रिज्या कमी होत नाही, थोडीच होते. पण थोडी पुरते. तुझ्या सायकलच्या चाकाची त्रिज्या तीन मिलिमीटरने कमी धरली, तर दहा फेऱ्यांत एकोणीस सेंटिमीटर जातात. नाझियाने बरोबर मोजलं होतं. तू सरळ चालवली होतीस. ते पान मी कॅलेंडरातून फाडून घेतलं.

त्या रविवारी तुला सांगायचं ठरवलं. तू आलास, पण नातीच्या बारशाचं बोलत होतास, आणि मला वाटलं, आनंदाच्या दिवशी कशाला. पुढच्या रविवारी तुझा गुडघा जास्त दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच कारण नव्हतं. कॅलेंडरचं ते पान मी घडी करून टीपॉयवर ठेवायचो आणि तू जिना चढतानाची धाप ऐकू आली की उचलून पुस्तकात घालायचो. असे अकरा रविवार. चूक कबूल करणं एवढंच असतं तर सांगितलं असतं. पण त्या आकड्याबरोबर ते वाक्यही परत घ्यावं लागणार होतं, आणि ते परत घ्यायला आधी उच्चारावं लागणार होतं. शेवटच्या रविवारी मी म्हणालो, ‘बाळाराम, तुला एक विचारायचंय.’ तू वळलास. मी विचारलं, चहात साखर कमी आहे का.

दशक्रियेनंतर घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, सायकल सरांनी न्यावी. आमच्यात कोणी चालवत नाही. मला सायकल येत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार. तुला माहीत होतं. चाकांचं शास्त्र शिकवणाऱ्या मास्तराला सायकल येत नाही हे तू तीस वर्षांत एकाही मुलाला कळू दिलं नाहीस. मी नाही म्हणू शकलो नाही.

सायकल गोदामाच्या अंगणात होती. दिनेश मला घेऊन गेला. समोर काँक्रीटचं लांब अंगण, गाड्या लागतात तिथे. सायकल काढताना त्याने खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, ह्या रेषा बाबांच्या. काँक्रीटवर पिवळ्या रंगाच्या तीन रेषा होत्या. एक भिंतीजवळ. बाकीच्या दोन पार पलीकडे, एकमेकींच्या अगदी शेजारी. गाड्यांच्या चाकांनी रंग झिजला होता, तरी दिसत होत्या.

मी विचारलं, कधीच्या? त्याने सांगितलं, दोन वर्षं झाली असतील. ‘मला वाटलं पार्किंगच्या रेषा मारतायत. मग मलाच उभं केलं फेरे मोजायला. एकदा ढकलत, एकदा बसून. असं तीन वेळा. गुडघा दुखतोय म्हणून आई ओरडत होती, तरी ऐकेनात.’

मी विचारलं, कशासाठी ते बोलला का?

‘बोलले, सरांना आणून दाखवायचंय. मी बोललो, गाडी काढतो, आत्ताच जाऊन आणू. तर बोलले, राहू दे. सरांना वाईट वाटंल.’

दिनेशला फोन आला आणि तो बोलत बाजूला गेला. मी खाली बसलो. शेवटच्या दोन रेषांच्या मध्ये हात ठेवला. अंगठा एकीवर, करंगळी दुसरीवर. वीत भरली, थोडीशी उरली.

बाळाराम, तुझ्याकडे दोन वर्षं पुरावा होता. दर रविवारी तू तो सोबत घेऊन माझे दोन जिने चढत होतास, आणि शेंगा काढून ठेवत होतास. शेवटचे अकरा रविवार माझ्याकडेही तेच उत्तर होतं. आपण शेजारी बसून ट्रकांची चाकं मोजत होतो.

मी व्हॉल्व्ह खाली आणला. खडू नव्हता. पहिल्या रेषेवर चाक टेकवलं आणि सायकल ढकलू लागलो. मला ते नीट जमत नाही, हँडल वळतं. तरी काँक्रीटवरच्या सांध्याच्या रेघेवर नजर ठेवून चाललो. दहा फेरे मोजले. व्हॉल्व्ह खाली आला तेव्हा चाक लांबच्या रेषेवर होतं, बोटभर इकडेतिकडे. बावीस मीटर तीस. रिकामं चाक. अलीकडची रेषा ओलांडून आलो होतो. तिथे नेमकं थांबायचं असेल तर सायकलवर कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

तू सरळ चालवली होतीस. नाझियाने बरोबर मोजलं होतं. मी पाहिलं नव्हतं, आणि जे बोललो ते बोलायला नको होतं. हे तुझ्या अंगणात, उभं राहून, मी मोठ्याने म्हणालो. दिनेश फोनवर होता. रस्त्यावर ट्रेलर वळत होता. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

नाझिया कुठे आहे ते मला ठाऊक नाही. कॉलेजात चौकशी केली. इतकी जुनी जर्नलं ठेवत नाहीत. तिला सांगायचं राहिलं आहे. शोधतो आहे.

सायकल दिनेशच्या टेम्पोतून आली. आता ती माझ्या जिन्याखाली उभी आहे. दर रविवारी मी तिच्यात हवा भरतो. मला ती चालवता येत नाही.